मोठी फाइल चढवताना ४१३ एरर: माझा अनुभव

क्लाउड सर्व्हरवरच्या आमच्या पीएचपी ॲपमध्ये छोटे फोटो चढायचे, पण १ एमबीच्या वरची पीडीएफ टाकली की लगेच ४१३ एरर, म्हणजे 'पाठवलेला मजकूर फार मोठा आहे'. पीएचपीचं 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' ५०एम केलं, सर्व्हरची मेमरी वाढवली. काही फरक नाही. दोन रात्री जीव मेटाकुटीला आला.

विनंती पीएचपीपर्यंत पोचतच नव्हती. पीएचपीच्या पुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मूळ मर्यादाच १ एमबी असते.

आधी एनजिनएक्सच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये (आमच्या साइटच्या सेटिंगच्या भागात) 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' ६४एम लिहिलं. मग पीएचपीच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये 'पोस्ट_मॅक्स_साइझ'ही ६४एम; हा आकडा अपलोडच्या मर्यादेपेक्षा मोठाच ठेवा, कारण त्यात फॉर्मची बाकी माहितीही मोजली जाते. 'एनजिनएक्स -टी' चालवून चूक नाही ना पाहिलं, एनजिनएक्स रीलोड केलं, शेवटी पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट. ४० एमबीची फाइल पहिल्याच फटक्यात चढली.