खनिज नमुने जमवताना आणि विकताना या चुका टाळा

चांगला नमुना खाणीत जेवढा खराब होत नाही, तेवढा घरी आणल्यावर धुण्याच्या घाईत होतो. तुटलेले टोक, विरघळलेली कड, हरवलेली चिठ्ठी यातले काहीच परत मिळवता येत नाही, म्हणून पुढच्या चुका आधी माहीत असलेल्या बऱ्या.

ओळख पटायच्या आत धुणे

मातीने माखलेला दगड थेट नळाखाली धरू नका. तो सैंधव असेल तर विरघळू लागेल. जिप्सम इतके मऊ की नखानेही ओरखडा उठतो, मग ब्रशने काय होईल? गरम पाण्यातून थंड पाण्यात टाकलेले फ्लोराइट तडकते, आणि गंधकाचे स्फटिक तर तळहाताच्या उबेनेही तडकू शकतात. आधी मऊ कोरड्या ब्रशने झाडा. पाणी वापरायचेच असेल तर त्याच नमुन्याच्या एखाद्या तुटक्या कपच्यावर वापरून बघा.

आम्लाच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवे. गारगोटीवरचे तांबूस लोहडाग ऑक्झॅलिक आम्लाने छान निघतात, हे ऐकून लोक तेच कॅल्साइटवर वापरतात आणि स्फटिकांवर पांढरट थर चढतो. अनेक झिओलाइट (खडकाच्या पोकळ्यांत मिळणारी स्फटिकी खनिजे) आणि त्यांच्यासोबत सापडणारे अपोफिलाइट आम्लात आपली चकाकी गमावतात. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, खेळती हवा ठेवा आणि स्वयंपाकाची भांडी त्याच्या जवळपासही आणू नका.

रंगावरून नाव ठरवणे

पांढरा, चकचकीत, सरळ फुटणारा म्हणजे कॅल्साइट, असे ठरवून मोकळे होऊ नका. बराइटही तसेच दिसते. घरचा डिजिटल काटा इथे कामाला येतो. समजा तुकडा हवेत 90 ग्रॅम भरला आणि दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून 70 ग्रॅम भरला. फरक 20. आता 90 ला 20 ने भागा : 4.5. ही झाली बराइटची घनता, कॅल्साइट 2.7 च्या आसपास असते. तुकड्यात एकच खनिज हवे, मूळ खडक चिकटलेला असेल तर आकडा फसवतो. मोसच्या श्रेणीनुसार (कोणते खनिज कशावर ओरखडा काढते यावरून ठरवलेली 1 ते 10 ची मोजपट्टी) काठिण्य बघायचे तर ओरखडा मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी काढा.

चिठ्ठी टाकून देणे

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ठिकाण माहीत नसलेला सुंदर स्फटिक शोभेची वस्तू म्हणून उरतो. अभ्यासकाला त्याचा उपयोग नाही आणि जाणकार गिऱ्हाईक त्याला हात लावत नाही. नुसते देशाचे नाव पुरत नाही. खाण किंवा दगडखाण, जवळचे गाव, जिल्हा, मिळाल्याची तारीख आणि कुणाकडून आला, हे सगळे त्याच दिवशी लिहा. नमुन्याच्या तळाला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक टाका आणि तोच वहीत नोंदवा. जुन्या संग्राहकाची पिवळी पडलेली चिठ्ठी सोबत आली असेल तर ती जपा, नवी तिच्या शेजारी ठेवा. ठिकाणाचा अंदाजच असेल तर 'बहुधा' लिहा. एकदा चुकीचे नाव चिकटले की ते पुढच्या प्रत्येक मालकाकडे जाते.

सगळे एकाच कपाटात

मनशीळ (आर्सेनिकचे लाल खनिज) उजेडात राहिली की हळूहळू पिवळ्या भुकटीत बदलते, जमुनियाचा (जांभळ्या गारगोटीचा) रंग उन्हात उतरतो. दमट हवेत काही सुवर्णमाक्षिक (पायराइट) आणि मार्कासाइट या लोह-गंधकाच्या खनिजांवर पांढरट भुकटी धरते. त्यातून निघणारे गंधकाम्ल खालची पेटी आणि चिठ्ठी खाऊन टाकते. असा नमुना लगेच वेगळा करा, डब्यात सिलिका जेल ठेवा. हिंगूळ (पाऱ्याचे खनिज), गॅलेना (शिशाचे खनिज) हाताळल्यावर हात धुवायलाच हवेत. ऑट्युनाइटसारखी किरणोत्सारी खनिजे झोपायच्या खोलीत नकोत.

विकताना लपवणे

जोडलेला स्फटिक, भरलेली भेग, लावलेला रंग हे सांगितल्याने किंमत कमी होते, पण गिऱ्हाईक टिकते. बाजारात 'सिट्रीन' (पिवळी गारगोटी) म्हणून मिळणारे बरेच गडद नारिंगी, पांढऱ्या बुडाचे गुच्छ तापवलेल्या जमुनियाचे असतात. मोरचुदाचे मोठे निळे स्फटिक बहुतेक भांड्यात वाढवलेले. ओकेनाइटचे केसाळ गोळे मुळात पांढरे असतात. गुलाबी किंवा निळे दिसले तर ते रंगवलेले. अतिनील दिव्याखाली अनेकदा जोडाच्या जागी डिंकाची रेघ चमकून दिसते, म्हणून विकत घेताना आणि विकतानाही दिवा फिरवून बघा.

फोटोत रंग वाढवू नका. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये द्या आणि तुटलेल्या टोकाचा जवळून काढलेला फोटो टाका. दुसऱ्याच्या जमिनीवरून किंवा चालू खाणीतून परवानगीशिवाय आणलेला माल विकायला ठेवूच नका.

कापसात गुंडाळणे

सुईसारख्या स्फटिकांत कापसाचे धागे अडकतात आणि काढताना सुया मोडतात. स्कोलेसाइट, ओकेनाइट अशा नमुन्यांच्या तोंडाला काहीच टेकू देऊ नका. फक्त बूड छोट्या डब्यात घट्ट बसवा. तो डबा मोठ्या खोक्यात ठेवून चहूबाजूंनी भरण घाला. मजबूत नमुन्यांना टिश्यूचे थर पुरतात. खोके बंद केले की हळूच हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा.