मेंदूच्या एमआरआयची वाट पाहताना या चुका टाळा

हातापायांना मुंग्या येतात, पापणी फडफडते, चालताना तोल गेल्यासारखे वाटते आणि कारण काही सापडत नाही, म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी मेंदूचा एमआरआय लिहून दिलेला असतो. तारीख मात्र दहा-बारा दिवसांनंतरची मिळते. अशा दिवसांतून मी स्वतः गेलो आहे. आजार असेल तो असो, पण त्या दिवसांत मी केलेल्या चुकांनी माझ्या जिवाला जो घोर लावला, तो बऱ्याच अंशी टाळता आला असता, असे आज मला वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे स्वतःच्या शरीराची सतत परीक्षा घेत राहणे. रात्री दोन वाजता उठून न्हाणीघरातल्या आरशासमोर जीभ बाहेर काढून ती थरथरते का हे पाहणे, दोन्ही पाय जुळवून डोळे मिटून उभे राहणे, प्रत्येक बोट अंगठ्याला लावून दोन्ही हातांची ताकद सारखी आहे का हे ताडून पाहणे, हे सारे मी रोज पंधरा-वीस वेळा करीत असे. ताणून धरलेली जीभ कोणाचीही थोडी थरथरते आणि झोप अपुरी झाली की पापणी अधिकच फडफडते. शिवाय, भीतीने श्वास भराभर होऊ लागला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे ओठांभोवती व बोटांच्या टोकांना खऱ्याखुऱ्या मुंग्या येतात; म्हणजे ज्या लक्षणाची धास्ती घ्यावी, तेच लक्षण धास्तीमुळे उमटते. अशा वेळी खुर्चीत बसून, श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ देत पाच-सात मिनिटे काढली, तर या मुंग्या बहुधा ओसरतात.

परीक्षेऐवजी नोंद ठेवावी, आणि तीही लक्षण आपोआप जाणवले तरच. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती: ‘मंगळवार, सकाळी ६:४०, उजवी करंगळी आणि अनामिका बधिर, १० मिनिटे, जाग आली तेव्हा कोपर पूर्ण दुमडलेले.’ वेळ, जागा, कालावधी आणि त्या वेळची स्थिती, एवढेच लिहून वही मिटावी.

याच्या अगदी उलट चूकही घडते आणि ती अधिक धोक्याची आहे. ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून नव्या, गंभीर लक्षणाकडेही दुर्लक्ष करीत ठरलेल्या तारखेची वाट पाहत बसू नये. चेहरा अचानक एका बाजूला वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे, आकडी येणे किंवा पूर्वी कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी एकाएकी सुरू होणे, यांपैकी काहीही घडले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या ४.५ तासांतच देता येते.

डॉक्टरांना न विचारता बी-१२ ची इंजेक्शने सुरू करणे, ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. शाकाहारी घरांत या जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते आणि तिच्यामुळे मुंग्या येतात, हे खरेच आहे. परंतु रक्ततपासणीपूर्वीच इंजेक्शन घेतले तर पातळी भरलेली दिसते आणि मूळ कारण झाकले जाते.

तपासणीची भीती मनातच ठेवू नये. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, चुंबक असतो. म्हणूनच मंगळसूत्र, केसांतल्या पिना व श्रवणयंत्र काढावे लागते आणि पेसमेकर, शस्त्रक्रियेत लावलेली क्लिप किंवा शरीरात बसवलेली अन्य धातूची वस्तू असल्यास ती तारीख घेतानाच सांगावी लागते. साधारण २० ते ४५ मिनिटे निश्चल पडून राहायचे असते, आवाज मोठा येतो, पण कानांना संरक्षण देतात आणि हातात दाबण्याची घंटाही देतात. बंदिस्त जागेची धास्ती असेल तर आधी सांगितल्यास गुंगीचे औषध देता येते.

घरच्यांपासून लपवू नका. मी आठवडाभर लपवले आणि शेवटी आईनेच विचारले, ‘अरे, जेवताना सारखा हाताकडे काय बघतोस?’ सांगितल्यावर त्या रात्री मला झोप लागली. घरी बोलणे शक्य नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते.

शेवटची चूक रिपोर्ट मोबाइलवर आल्यावर होते. श्वेतद्रव्यातील, म्हणजे मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातील, बारीक ठिपक्यांचा उल्लेख वाचून माणूस हादरतो. पण असे ठिपके वाढत्या वयात, अर्धशिशीत आणि उच्च रक्तदाबातही दिसतात, आणि त्यांचा अर्थ रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांनीच लावायचा असतो. तसेच एमआरआय स्वच्छ आला म्हणजे त्रास खोटा ठरतो असेही नाही, कारण मेंदूच्या चित्रात हाताची नस दिसत नाही. माझा एमआरआय स्वच्छच आला. डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवून वही मागितली, मंगळवारच्या नोंदीवर बोट ठेवले आणि नसांची वहनक्षमता मोजणारी एनसीव्ही चाचणी लिहून दिली. नस कोपरापाशी दबलेली निघाली.