विकिपीडियावर प्रचालक व्हायचंय? मग आधी या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी गावी आले की मराठी विकिपीडियाच्या ‘अलीकडील बदल’ पानावर कोकणातल्या गावांची नावं भराभर दिसायला लागतात, आणि मला ते मनापासून आवडतं. कोणी गावच्या देवळाची माहिती टाकतं, कोणी खाडीवरच्या जुन्या तरीची. पण त्यातलेच दोन-चार जण आठवड्याभरात चर्चा पानावर येऊन विचारतात, “प्रचालक व्हायला किती एडिट लागतात?” प्रचालक म्हणजे पानं वगळायचे, कुलूप लावायचे अधिकार असलेला सदस्य, आणि एडिट म्हणजे आपण केलेली संपादनं. हा प्रश्न वाचला की मला पुढचं सगळं दिसायला लागतं, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हा आकडा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि इतक्या वर्षांत जे लोक इथे विश्वासाचे झाले ते एडिट मोजून झालेले नाहीत. आकड्यांचे टप्पे आहेत, नाही असं नाही. इंग्रजी विकिपीडियावर ४ दिवस आणि १० संपादनं झाली की नव्यांना बंद असलेल्या काही पानांची कुलपं आपोआप उघडतात, ३० दिवस आणि ५०० संपादनं झाली की आणखी काही. पण ते टप्पे फक्त रोजच्या रोज खाती काढून घाण करणाऱ्यांना अडवायला आहेत, त्यावरून कोणाची लायकी ठरत नाही. प्रचालकपदाला तर तिथे आठवडाभर उघड चर्चा चालते, साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर पाठिंबा असला तर माणूस पास होतो, पासष्टच्या खाली सहसा नाही, आणि त्या चर्चेत लोक तुमचा आकडा बघून पुढे जातात आणि तुमचं जुनं योगदान एकेक करून उघडून वाचतात.

एका मुलाचं सांगते. मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, नोकरीला मुंबईत, हुशार आणि उत्साही. त्याने ठरवलं की आपल्या भागातल्या प्रत्येक गावाचा लेख हवा, विचार चांगलाच होता. मग त्याने एक परिच्छेद तयार केला आणि गावाचं नाव तेवढं बदलून तोच सगळीकडे चिकटवायला सुरुवात केली, रात्री जागून, धडाधड. मूळ परिच्छेद त्याने कुठल्यातरी किनाऱ्यावरच्या गावासाठी लिहिला होता, त्यामुळे सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या, जिथून समुद्र बघायला एसटीने अर्धा दिवस घालवावा लागतो अशा गावांच्या लेखातही ‘येथील समुद्रकिनारा पर्यटकांमध्ये प्रसिद्ध आहे’ हे वाक्य गेलं. संदर्भ एकाही लेखाला नाही. ते निस्तरताना आम्ही काही जण कित्येक संध्याकाळी बसलो होतो, एकेक लेख उघडायचा, नकाशा बघायचा, जनगणनेतलं गावाचं नाव ताडून बघायचं, वाक्य काढायचं. आणि वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, कारण त्याच मुलाने त्याआधी स्वतःच्या गावावर एकच लेख मन लावून लिहिला होता, त्यात वाड्यांची नावं होती, पऱ्ह्याचा (ओढ्याचा) उगम होता, ग्रामदेवतेच्या पालखीचा मार्ग होता, आणि तो लेख खरंच सुंदर होता. तसे दहा लिहिले असते तर लोकांनीच त्याला पुढे केलं असतं.

माझी सवय सांगते, पद्धत वगैरे काही नाही. मी एका बैठकीत एकच लेख घेते, आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर लिहिते, संदर्भ लागला नाही तर ते वाक्य बाजूला ठेवते. रत्नागिरी जिल्ह्यासाठी १८८० सालचं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर उघडून बसते, ते कॉपीराइटमधून कधीच बाहेर आलंय. तरी तेही जसंच्या तसं उतरवायचं नाही, आपल्या शब्दांत लिहायचं आणि पान क्रमांक द्यायचा, कारण दीडशे वर्षांपूर्वीची आकडेवारी आजची म्हणून छापली गेली की पुन्हा तीच दुरुस्ती कोणाला तरी करावी लागते.

यालाच लागून कॉपी-पेस्ट. पर्यटनाच्या साइटवरून सिंधुदुर्ग किल्ल्याची माहिती उचलून टाकणारे मला दर पावसाळ्यात भेटतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकाचा कॉपीराइट टिकतो, आणि साइटवर फुकट वाचता येतं म्हणजे उचलता येतं असं नाही. विकिपीडियावर टाकलेलं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातं, म्हणजे ते जगात कोणीही वापरू शकतं, आणि जे आपलं नाहीच त्याचा परवाना आपण कसा देणार? फोटोचंही तेच, गुगलवरून घेऊ नका. स्वतः मालवणच्या धक्क्यावर जा आणि मोबाइलवर काढा. आपल्या कायद्यात सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या वास्तूचा आणि पुतळ्याचा फोटो काढायला मुभा आहे, त्यामुळे तेवढा बहाणाही उरत नाही.

आता माझी दुसरी डोकेदुखी. आपला बदल कोणी उलटवला, म्हणजे काढून पान आधीसारखं केलं, की रागावणं.

थिबा राजवाड्याच्या सालावरून झालेलं एक भांडण मला अजून आठवतं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला ब्रिटिशांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं, पण राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा इथेच गेला. लेखात कोणीतरी राजवाडा १८८६ चा लिहून ठेवला होता. एका नव्या सदस्याने ते बदलून १९१० केलं, बरोबरच केलं, पण संदर्भ दिला नाही आणि का बदललं तेही लिहिलं नाही. दुसऱ्याने उलटवलं. याने परत बदललं, त्याने परत उलटवलं, आणि मग बदलाच्या सारांशात, म्हणजे का बदललं ते लिहायच्या ओळीत, शिव्या सुरू झाल्या, ‘रत्नागिरीत राहतो मी, तुम्हाला काय कळतंय’ इथून सुरुवात आणि पुढचं लिहिण्यासारखं नाही. शेवटी प्रचालकाने पानाला कुलूप लावलं, आणि कुलूप लागलं तेव्हा पानावर १८८६ च होतं, त्यामुळे जो खरा होता त्याचंच साल बाहेर राहिलं. एक ओळ चर्चा पानावर टाकून पुस्तकाचं नाव दिलं असतं तर दहा मिनिटांत मिटणारी गोष्ट होती ती. पुढे वर्षभराने १९१० लिहिणाऱ्या त्याच माणसाने प्रचालकपदासाठी नाव दिलं, मधल्या काळात त्याने कामही भरपूर केलं होतं, पण चर्चेत पहिल्याच दिवशी कोणीतरी त्या संध्याकाळच्या इतिहासाचा दुवा चिकटवला आणि पुढे कोणी त्याचं काम बघायलाच तयार होईना. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि तिथून सहसा काही पुसलं जात नाही हो, हे नव्या लोकांना कितीही सांगितलं तरी पटत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की ब्लॉक होतो असा नियम आहे. मी त्याच्याही खूप आत थांबते. एकदा माझा बदल उलटवला की त्या दिवशी त्या पानाला हातच लावत नाही, चर्चा पानावर संदर्भासकट लिहिते आणि दुसऱ्या कामाला लागते. समोरचा चुकीचा असेल तर तिसरा कोणीतरी येऊन दुरुस्त करतोच. आणि लोक नेमकं हेच बघतात, कारण प्रचालकाच्या हातात पानं वगळायची, कुलूप लावायची आणि माणसं ब्लॉक करायची बटणं येतात, आणि एका सालावरून ज्याचा तोल जातो त्याच्या हाती ती कोण देईल? शिमग्याला पहिल्याच वर्षी कोणाच्या खांद्यावर पालखी देऊन नाचव म्हणत नाहीत, त्यातलाच प्रकार.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

दुसरं खातं काढून स्वतःलाच पाठिंबा देणं. पकडले जाता. खाती तपासायचे अधिकार असलेले लोक आहेत, छोट्या विकिपीडियांसाठी ते काम स्टुअर्ड, म्हणजे सगळ्या विकिपीडियांवर अधिकार असलेले सदस्य करतात, आणि त्यानंतर तुमच्या पहिल्या खात्याचीही पत जाते.

मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मला मत द्या’ टाकणं. एका रात्रीत आलेली नवी खाती लगेच ओळखू येतात आणि ती मतं धरत नाहीत.

तारकर्लीतल्या आपल्याच होमस्टेचा लेख. नको. पैसे घेऊन दुसऱ्याचा लिहीत असाल तर २०१४ पासून वापराच्या अटींमध्येच ते उघड सांगणं बंधनकारक आहे.

प्रत्येक बदलाखाली सारांश रिकामा सोडणं, म्हणजे मागून येणाऱ्याला तुमचा बदल उघडून शोधत बसायला लावणं.

आणि नव्या माणसावर डाफरणं. स्वतःला दोन महिने झाले की काही जण लगेच दुसऱ्यांना नियम दाखवायला लागतात, याचा मला फार राग येतो.

अडल्यावर काय करायचं तेही विचारतात लोक. लेख वगळला गेला असेल तर ज्याने वगळला त्याच्या चर्चा पानावर जा आणि शांतपणे कारण विचारा, बहुतेक वेळा मजकूर दुरुस्तीसाठी परत मिळतो. खातं ब्लॉक झालं असेल तर नवं खातं काढू नका, सहसा स्वतःच्या चर्चा पानावर लिहिता येतं, तिथेच काय चुकलं आणि पुढे काय करणार ते लिहा. आणि प्रचालकपदाच्या कौलात हरलात तर तिथेच वाद घालत बसू नका, विरोध करणाऱ्यांनी दिलेली कारणं वाचा, ती बहुतेक दुरुस्त होण्यासारखी असतात. विकिपीडियाचा सहसंस्थापक जिमी वेल्सने २००३ मध्येच लिहून ठेवलंय की प्रचालक असणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, आणि बटणं हातात आल्यावर रोज करायचं काम म्हणजे स्पॅम पुसणं आणि भांडणं सोडवणं, ते प्रचालक नसतानाही बरंचसं करता येतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या गावांचे ढीगभर लेख संदर्भाविना पडलेत. आपल्या तालुक्यातला एक उघडा, दोन चांगले संदर्भ लावा, आणि अडलं तर चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर विचारा.