टायमिंग बेल्ट बदलताना वर्षंही मोजा

आधी गाडीत बेल्ट आहे की चेन, ते बघा. जुनी सँट्रो, आल्टो ८००, डिझेल डस्टर यांत बेल्ट, स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये चेन. दोन्हींचं काम एकच: क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) बरोबर एक फेरी व्हावी, म्हणजे इंजिनात हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करतात.

बेल्ट रबराचा. बहुतेक कंपन्या ६० हजार ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. बहुतेक ठिकाणी शेजारीच वर्षंही दिलेली असतात, आणि ती कोणी वाचत नाही. इंदूरच्या आपल्या मराठी घरांतल्या गाड्यांना नेमकं हेच नडतं. रामबाग ते राजवाडा, एरवी गाडी दारात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदम पुणे. मीटर हलत नाही, पण रबर कडक होत जातं. शिवाय सराफ्याच्या गर्दीत उभ्या गाडीचं इंजिन फिरतच असतं, ते किलोमीटरमध्ये धरलं जात नाही.

परवा एक काका आल्टो घेऊन आले. अकरा वर्षं जुनी, चाललेली जेमतेम बत्तीस हजार, बेल्ट पहिलाच. कव्हर काढून टॉर्च मारला. पाठ चकाकत होती, बेल्ट जरा पिळला तर दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा, आणि एक कड ऑइलने ओली. कॅमशाफ्टचं ऑइल अडवणारं रबरी सील गळत होतं. सील न बदलता नवा बेल्ट चढवला असता तर तोही ऑइलने फुगून गेला असता. लक्षात घ्या, वरून चांगला दिसणारा बेल्टही मुदत संपली की बदलायचाच.

मानपूरच्या किंवा बिजासनच्या घाटात बेल्ट तुटला तर इंजिन जागीच बंद पडतं, स्टिअरिंग जड होतं, मागे ट्रक. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात, म्हणजे हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवणं आलंच. अशा वेळी पुन्हा सेल्फ अजिबात मारू नका, गाडी टो करा.

बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) यांची बेअरिंगही बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. मजुरी एकदाच लागते. बसवल्यावर मिस्त्रीला क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवून क्रँक आणि कॅमच्या पुलीवरच्या खुणा जुळतात ते दाखवायला सांगा. जो दाखवत नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका.

चेनला सहसा ठरलेली मुदत नसते, तिचं आयुष्य ऑइलवर. सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू आली तर आधी ऑइलची पातळी बघा. ऑइल पुरेसं असूनही आवाज रोज येत असेल, किंवा इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर कॅम-क्रँक जुळत नसल्याचा कोड आला, तर चेन सैल झाली आहे की टेन्शनर गेला आहे, ते लगेच तपासून घ्या.

जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.