अढी घालायची तर आंबा नीट उतरवा

अढीतला, म्हणजे पिकवायला पेंढ्यात रचून ठेवलेला आंबा बिघडला की लोक पेंढ्याला नावं ठेवतात. बहुतेक वेळा तो झाडावरून काढतानाच बिघडलेला असतो. मुरबाडजवळच्या आमच्या वाडीवर हापूस आणि पायरी आहेत, बांधावर जुने रायवळ आहेत. दर मे महिन्यात भाचरं कल्याणहून एसटीने येतात आणि उतरवणीला हात लावतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

झाडाखाली पाडाचा, म्हणजे झाडावरच पिकून गळलेला आंबा सापडला की उतरवणीचा विचार करायचा. तरी सगळी फळं एकदम तयार होत नाहीत. देठाशी खळगा पडून दोन्ही खांदे वर आलेत का, गर्द हिरवा रंग जरा उतरलाय का, ते बघा. शंका असेल तर दोन-चार आंबे बादलीतल्या पाण्यात सोडा. जून आंबा बुडतो, कोवळा तरंगतो.

उतरवायचं सकाळी, ऊन चढायच्या आत. काठी मारून पाडलेला आंबा अढीत घालूच नका, मार लागलेल्या जागेपासून तो सडतो. झेला, म्हणजे टोकाला जाळी लावलेली लांब काठी वापरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन' झेला मला आवडतो, कारण त्याच्या पात्याने देठ कापला जातो आणि आंबा जाळीत पडतो. बोटाच्या दोन पेरांएवढा देठ फळाला राहू द्या. देठ मुळाशी मोडला की चीक उडतो, सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. अशी फळं देठ खाली करून गोणपाटावर ठेवा, चीक गळून जाऊ दे. पोरांना बजावून सांगा, तोच हात तोंडाला लावायचा नाही. ओठ पोळतात.

काढलेला आंबा उन्हात, तापल्या जमिनीवर पडू देऊ नका. उष्णतेने हापूसमध्ये साका होतो. वरून फळ छान दिसतं, कापलं की आत पांढरट, आंबूस गर. नीलम आणि हापूसच्या संकरातून याच कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्रात झालेल्या 'रत्ना' जातीत साका नसतो. नवं कलम लावणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा, जरी माझा जीव हापूसवरच आहे.

आता अढी. घरातली अंधारी, हवेशीर, कोरडी खोली निवडा. खाली भाताचा सुका पेंढा अंथरा, त्यावर आंब्यांचा एक थर, मग पेंढा, पुन्हा थर. तीन थरांच्या वर जाऊ नका, खालचे दबतात. पेंढा ओलसर असेल तर बुरशी धरते, म्हणून आधी ऊन द्या. चौथ्या दिवसापासून एक दिवसाआड हात घालून बघा. डागाळलेला आंबा लगेच बाहेर काढा, नाहीतर शेजारचेही जातात. हापूस साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. घाई म्हणून कार्बाइडची पुडी ठेवू नका. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी त्यावर बंदी आहे, आणि त्याने साल पिवळी होते, गर मात्र तसाच कच्चा राहतो.

अढी लागली की दुपारी पोरं मोकळी असतात. तेव्हा खेळायला ओट्यावर कोळशाने पाच बाय पाच घरांचा चौकोन आखा. चिंचोके मधोमध फोडले की एक बाजू पांढरी, एक तपकिरी, असे चार अर्धे फासे म्हणून पुरतात. चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ. बाकी दानात जितके पांढरे तितकी घरं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या मधल्या घरात न्यायच्या. उन्हं कलली की करवंदं तोडायला टेकडीवर, तीही टोपली घेऊनच. खिशात ठेवली तर कपड्यांचे डाग जात नाहीत.

मृगाच्या आधी झाड रिकामं करा. एकदा पाऊस पडला की फळमाशी अंडी घालते आणि आंब्यात अळी निघते. शेवटी ज्या कैऱ्या उरतील त्यांची आंबोशी करा. साल काढून फोडी करायच्या, मीठ-हळद चोळायची आणि कडकडीत वाळेपर्यंत उन्हात ठेवायच्या. पावसाळ्यात आमटीला कामी येतात.