लेकरू रात्री झोपत नाही? आधी घरात पाळ्या लावा

पहिले एक गोष्ट क्लिअर करून टाकू, दोन-तीन महिन्यांच्या आतलं लेकरू रात्री उठणारच. त्याचं पोट एवढुसं असते, दर दोन-तीन तासांनी भूक लागते, आणि चोवीस तासांत मिळून 14 ते 17 तास झोपत असलं तरी ते सगळं तुकड्या-तुकड्यात झोपते. म्हणून ‘रात्रभर कसं निजवायचं’ हे या वयात विचारूच नका. विचारायचं हे की घरात पाच-सहा माणसं असताना रात्री एकटी बाळंतीणच काऊन जागून राहिली? दिवसा सल्ला द्यायला सगळे पुढे, आजी म्हणते घुटी दे, मोठी माय म्हणते दृष्ट काढ, आणि रात्री दोनला लेकरू रडलं की सगळे कूस बदलून घोरून राहिले.

तर पाळ्या लावायच्या. अंगावर पाजायचं काम आईशिवाय दुसऱ्या कोणाला जमत नाही हे खरं, पण त्याच्या आगेमागे जे असते ते कोणालाही जमते. लेकराला उचलून आईजवळ आणून देणं, पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा निजवणं, हे सगळं बापाचं नाहीतर आजीचं. आईनं पाजायचं आणि तिथल्या तिथे डोळे मिटायचे. पहाटेची पाळी तर आबाजी-आजीला देऊन टाका, ते तसेही पाचला उठूनच असतात, पाचचं दूध झालं की लेकरू त्यांच्याकडे आणि आईला सात-साडेसातपर्यंत कोणी हाक मारायची नाही, सडा-सारवण आणि चहा त्या दिवशी दुसरं कोणी करेल. दोन-तीन महिन्यांनंतर बरीच लेकरं रात्री सलग चार-पाच तास झोपू लागतात, पण तो तुकडा बहुतेक संध्याकाळी लवकर येते आणि त्याच टायमाला सुनेला भाकरी थापायला बसवते. लेकरू आठला निजलं तर आईलाही आठलाच निजू द्या. भाकरी कोणीही थापू शकते, जावई आला असला तरी.

आता रात्रीचं दिवसाशी नातं आहे ते समजून घ्या. पोटातून आलेल्या लेकराला दिवस-रात्र माहीत नसते, ते घड्याळ अंदाजे दोन-तीन महिन्यांत बसते आणि ते बसते उजेडावर. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीची खोली अंधारी, दारं-खिडक्या बंद, दिवसाही झिरो बल्ब, मंग त्याला कळणार कसं? सकाळी दार उघडा, कोवळा उजेड येऊ द्या, दिवसा घरात भांडी वाजतात तर वाजू द्या, बोला, गाणी म्हणा. रात्री उलटं करा. बारीक लाईट, बोलणं नाही, खेळवणं नाही, मोबाईल तर नाहीच, कारण त्याचा उजेड थेट तोंडावर पडते आणि आईचीही झोप उडते. रात्री लंगोट खूप ओला असला किंवा शी केली असली तरच बदला, उगाच कपडे काढून जागं करू नका.

कापूस वेचायच्या दिवसांत हे बिघडतेच. माय सकाळी वावरात, लेकरू आजीजवळ नाहीतर धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत, दिवसभर झोका चालू, ते दिवसभर झोपते आणि संध्याकाळी माय घरी आली की डोळे टक्क उघडे. त्याला माय पाहिजे असते हेही आहेच, दिवसभर दिसली नाही ना. सहा महिन्यांच्या वरच्या लेकराला दुपारी चारनंतर शक्यतो झोपू देऊ नका, बाहेर उजेडात फिरवा, आणि माय घरी आल्यावर पहिला अर्धा तास तिनं चुलीजवळ न जाता लेकराला घेऊन बसावं, मंग ते लवकर शांत होते.

झोळीचं सांगतो. झोळी वाईट नाही, आपण सगळे तिच्यातच मोठे झालो, पण झोळीत लेकरू वाकडं पडते, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाचा श्वास अडू शकते. म्हणून झोळीत निजवा, नजरेसमोर ठेवा आणि निजलं की सपाट जागेवर ठेवा. उठून बसायला लागलेल्या लेकराला तर झोळीत एकटं सोडूच नका, पडते किंवा दोरी गळ्याला येते.

सपाट जागा म्हणजे कशी? पाठीवर निजवायचं, पोटावर नाही, कुशीवर नाही, पहिलं वर्षभर हाच नियम. अमेरिकेत 1994 मध्ये लेकरांना पाठीवर निजवायची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले, इतका साधा उपाय आहे. खाली कडक गादी किंवा घट्ट दुमडलेली गोधडी. ढिली पडलेली बाज नको, तिच्यात मधे खड्डा पडते आणि लेकरू लोळून तोंडावर जाते. मोहरीची उशी नको, डोकं गोल व्हायला ती लागत नाही. जागेपणी कोणी समोर बसून पोटावर खेळवलं आणि रोज डोक्याची बाजू बदलली तरी पुरते. तोंडाजवळ रजई, लोड, बाहुल्या काही नको. वेगळी जागा असली तर सगळ्यात चांगलं, पण एकाच खोलीत पाच जण झोपणाऱ्या घरात ते बोलून फायदा नाही, मंग निदान एवढं पाळा की लेकरू आईच्या बाजूला, दोघांच्या मधात नाही, आणि ज्यानं दारू घेतली किंवा जो बिडी ओढते तो त्या अंथरुणावर नाही. याच्यात नात्याची भीड ठेवायची नाही.

पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांनी अजून एक ऐकावं. मण्यार, म्हणजे विषारी साप, रात्रीच फिरते, उंदराच्या-पालीच्या मागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते, बरेचदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या, नुसती लोंबती ठेवू नका. गडचिरोलीकडे तर मलेरियासाठी तशीही मच्छरदाणी पाहिजेच. मच्छर अगरबत्तीच्या धुरापेक्षा ती शंभरपट बरी.

आणि धुराचंच निघालं तर, आंघोळीनंतरची ओवा-शेपूची धुरी, दृष्टीच्या मिरच्यांचा ठसका आणि बाजेखालची शेगडी, हे तिन्ही बंद. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरी ओवाळून बाहेर टाका, कोणी नाही म्हणत नाही, पण लेकराच्या नाकात धूर नको. शेगडी बंद खोलीत तर जीवघेणी आहे, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसते आणि झोपेतच माणूस जाते.

उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात 45 च्या वर पारा, लाईन गेली की लेकरू काय, मोठा माणूस झोपत नाही. टोपडं, मोजे, कुंची सगळं काढा, एक सुती झबलं पुरते. गरम होते की नाही ते मानेला आणि पाठीला हात लावून पाहा, हातपाय तर थंडच असतात लहान बाळाचे, त्याच्यावरून ठरवू नका. कुलर असला तर हवा थेट अंगावर नको आणि समोरची एक खिडकी उघडी पाहिजे, सगळं बंद करून कुलर लावला की खोली दमट होते आणि मंग सगळेच चिकचिक करून रडतात. कुलरचं अर्थिंग तपासून घ्या, रांगतं लेकरू असेल तर त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, दर उन्हाळ्यात करंटच्या बातम्या येतातच. झोपायच्या आधी ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचं नाही, उन्हाळ्यातही नाही, जास्तवेळा अंगावर पाजा, त्याच्यातच पाणी असते.

झोप यावी म्हणून काय देऊ, हा प्रश्न तर नेहमीचा. काहीच देऊ नका. जायफळ उगाळून देतात, ते जास्त झालं तर विषबाधा होते आणि सहाणेवर किती उतरलं हे मोजता येत नाही. खसखस-अफूचं तर नावच नको. सर्दीचं गुंगीचं औषध ‘शांत झोपते’ म्हणून पाजणारे शिकलेले मायबापही पाहून राहिलो आपण. मध एक वर्षाच्या आत चाटवायचा नाही, बोटाला लावूनही नाही, त्याच्यातल्या जंतूंनी लहान बाळाला लकव्यासारखा आजार होऊ शकते.

बाळ फार झोपते म्हणून खुश होणारेही आहेत, त्यांनी थांबावं. महिनाभराच्या आतलं बाळ उठवूनही उठत नसेल, दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, तर सकाळची वाट न पाहता 108 लावा. आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळाला 42 दिवसांत सहा वेळा घरी पाहायला येते, ही घरी येऊन नवजात बाळ पाहायची पद्धत आपल्या गडचिरोलीतच बंग डॉक्टरांच्या ‘सर्च’ संस्थेनं करून दाखवली होती, तर ती आली की फक्त सही करून पाठवू नका, बाळ किती झोपते, किती पिते ते तिला सांगा.

जरा मोठ्या लेकरांचं. एक-दोन वर्षाचं 11 ते 14 तास, तीन ते पाच वर्षाचं 10 ते 13 तास दुपारची झोप धरून, आणि शाळेतलं पोट्टं 9 ते 12 तास झोपलं पाहिजे. सकाळची शाळा साडेसातची असेल आणि पोट्टं अकरापर्यंत रील्स पाहत असेल तर ते गणित कुठून जमणार. संध्याकाळचा चहा बंद करा, आपल्याकडे दोन वर्षाच्या लेकरालाही बशीत चहा देतात, त्यानं झोप मोडते. निजायचा रोजचा क्रम ठरवा, जेवण, हातपाय धुणं, एक गोष्ट, लाईट बंद, रोज तेच आणि त्याच टायमाला. गोष्ट आबाजींनी सांगितली तर बेस, त्यांनाही टीव्हीपासून सुट्टी. मोबाईल निजायच्या तासभर आधी बंद, आणि हा नियम बापालाही.

रात्री लेकरू खाजवते, चुळबुळ करते तर जंत असू शकतात. बारीक पांढरे जंत रात्रीच बाहेर येतात आणि शीच्या जागी खाज सुटते. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या आसपास अंगणवाडीत-शाळेत जंताची गोळी देतात ती चुकवू नका. आणि झोप लागल्यावर तास-दोन तासांत एकदम किंचाळून उठते, डोळे उघडे पण ओळखत नाही, तर ती बाहेरची बाधा नाही, तीन-चार वर्षांपासून बऱ्याच लेकरांना होते. हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं पाहा, पाच-दहा मिनिटांत आपोआप निजते आणि सकाळी त्याला काही आठवतही नाही. तोंड उघडं ठेवून रोज घोरत असेल, मधेच श्वास अडकत असेल तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. अंथरुण ओलं करणं पाच वर्षांपर्यंत नॉर्मल आहे, मारू नका बापा.

आता बापाचं. रब्बीत मोटारीची थ्री फेज लाईन रात्रीची असली की गडी ओलिताला जाते, नाहीतर डुकरासाठी जागलीला, आणि पहाटे येऊन धडाधड भांडी वाजवते. त्या आठवड्यात त्याची पाळी रात्रीची धरूच नका, पाळी आजीकडे द्या, आणि त्याची झोप सकाळी वेगळ्या खोलीत, गोठ्याच्या बाजूला, कुठेही पण लेकरापासून लांब. दिवसाच्या लाईनचा आठवडा आला की रात्रीचं लंगोट-ढेकर पुन्हा त्याच्याकडे. हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहूनच ठेवा, नाहीतर ‘मी तर थकलो’ यावरून रात्री दोनला भांडण होते आणि निजलेलं लेकरू उठते.

आणि आई झोपायची संधी मिळूनही झोपत नसेल, दोन आठवड्यांच्या वर सारखी रडत असेल, लेकराकडे पाहावंसं वाटत नाही म्हणत असेल, तर तिला ‘नाटकं करते’ म्हणू नका, बाळंतपणानंतर हा आजार होते आणि बराही होते. पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, किंवा 14416 या टेली मानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या) नंबरवर फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तोपर्यंत तिला एकटीला रात्र काढायला लावू नका.