गावाकडून आयआयएमला अर्ज करताना

कॅट ही आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा. तिचा फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात भरावा लागतो आणि परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस असते. म्हणजे फॉर्म भरताना सोयाबीन शेंगांवर, आणि परीक्षेला कापसाची वेचाई ऐन जोरात. घरी शेती असेल तर हे धरूनच वर्ष आखा.

१. कागद एप्रिलनंतर लगेच काढा. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. शिष्यवृत्तीसाठी काढलेलं राज्याचं इथे चालत नाही. जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही पाहून घ्या. सेतू केंद्रात "केंद्राचं पाहिजे" असं ठासून सांगा, नाहीतर सवयीनं राज्याचंच हाती येतं. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखलाही त्या आर्थिक वर्षापुरताच असतो.

२. संस्था पारखून निवडा. नुसत्या पर्सेंटाइलवर बोलावणं येत नाही. दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभव धरतात; काही ठिकाणी मुलींना, इंजिनिअर नसलेल्यांना जादा गुण मिळतात. त्यामुळे बीएस्सी ॲग्री किंवा बीए झालं म्हणून दबून जाऊ नका. दहावीला कमी पडले असतील तर ते आता बदलत नाहीत. जिथे त्यांना वजन कमी, तिथे जोर लावा. नागपूरचं आयआयएम २०१५ पासून आहे, आता विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात. ग्रामीण व्यवस्थापनासाठी आणंदची इर्मा (१९७९) जुनी आणि नावाजलेली. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेसाठी राज्याची सीईटी द्या.

३. संस्था अर्जात किंवा निबंधात अनुभव मागेल तिथे तो हिशोबासकट लिहा. अर्जाचा खरा जीव इथे आहे. "मी मेहनती आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत" हे सगळेच लिहितात. समजा, तुम्ही शेजारच्या आठ-दहा घरांचा कापूस एकत्र करून खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावातच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, न देता थेट जिनिंगवर, म्हणजे रुई-सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यावर नेला. मग कापूस किती क्विंटल होता, गाडीभाडं कसं वाटलं, गावातल्या भावापेक्षा क्विंटलमागे किती जास्त पडले, ऐनवेळी कोण फुटलं आणि का, हे लिहा. फुटलेल्या माणसाची गोष्ट गाळू नका. वाचणाऱ्याला तीच खरी वाटते.

त्याच्याही पुढे जा. क्विंटलभर कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी, म्हणजे कापसाचं बी. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. सरकीचा भाव उतरला की कापसाचा भाव का हलतो, ते या आकड्यांतून कळतं. हे ज्याला मांडता येतं त्याला धंदा कळतो, मग त्यानं मोठ्या कंपनीत इंटर्नशिप केलेली नसेना का. कृषी केंद्राचं उधारीचं खातं, दूध संकलन, शेतकरी कंपनीचा बारदाना, काहीही चालेल. मात्र जे केलं नाही ते लिहू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

आणि बापाच्या कष्टांवर सगळा निबंध खर्च करू नका. अर्ज तुमचा आहे, त्यांचा नाही.

४. शिफारसपत्र कॅटच्या बहुतेक संस्था मागत नाहीत. हैदराबादची आयएसबी किंवा परदेशी संस्था मागतात. तेव्हा आमदारसाहेबांच्या लेटरहेडपेक्षा ज्यानं तुमचं काम पाहिलं तो साहेब बरा.

५. मुलाखतीची तयारी निकालाची वाट न बघता सुरू करा. मुलाखत इंग्रजीत होते. आपलं काम आधी घरच्या बोलीत कुणाला तरी समजावून सांगा, मग तेच इंग्रजीत, मोबाइलवर रेकॉर्ड करून. सोप्या इंग्रजीनं अडत नाही, पाठ केलेल्या इंग्रजीनं अडतं. यवतमाळचे असाल तर शेतकरी आत्महत्यांवर, वरुड-मोर्शीचे असाल तर संत्र्यावर फारशी प्रक्रिया का होत नाही यावर प्रश्न येण्याची शक्यता धरूनच चाला. पेपरातलं वाक्य तिथे पुरत नाही. संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन बहारांचा माल कधी निघतो, व्यापारी बाग कशी ठरवतो, ज्यूसला कोणतं फळ जातं, एवढं आपल्याच तालुक्यातल्या दोन बागाइतदारांना विचारून ठेवा.